तिच्या चाचणीतली माझी उत्तरं

माझ्या बायकोच्या स्मरणशक्तीची पहिली चाचणी आमच्याच घरात, पुढच्या खोलीत झाली आणि त्या चाचणीत तिला पास मी केलं.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तर होतो. त्यातली बरीचशी पवनेच्या खोऱ्यात गेली. परीक्षेत शेजारच्याच्या वहीत डोकावणाऱ्या पोराला मी उठवायचो आणि भिंतीकडे तोंड करून बसवायचो. उत्तर सांगणाऱ्यालाही तीच शिक्षा. निवृत्त झाल्यावर आम्ही मळवलीला राहायला आलो. तिथून लोणावळा जवळ, दवाखाना जवळ, असा हिशेब होता. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला. घरात आम्ही दोघंच.

बायको ब्लाउज शिवायची. मळवली, कार्ला, वाकसई इथल्या बायका तिच्याकडे यायच्या. जाहिरात नाही, पाटी नाही. एकीला नीट बसलं की ती दुसरीला सांगायची. एका दिवाळीच्या आधी शेजारची सून ब्लाउज परत घेऊन आली. दोन्ही बाह्या डाव्याच झाल्या होत्या. बाहीचा पुढचा भाग जास्त खोल कापतात, त्यामुळे डावी आणि उजवी वेगळी असते. बायकोने कापड न दुमडता एकाच बाजूने दोन्ही कापल्या होत्या. मी तिला दाखवलं, तर म्हणाली, ‘‘तिनंच कापड कमी आणलं. आन् आता माझ्या नावानं बोंब मारती.’’

पुढच्याच आठवड्यात पुन्हा तसंच झालं. मग मी तिने कापलेले तुकडे शिवायच्या आधी एकमेकांवर ठेवून बघायला लागलो. पुढे तिची शिवणही चुकायला लागली तेव्हा दुसरा मार्ग काढला. ती दुपारी आडवी झाली की अर्धे झालेले ब्लाउज पिशवीत घालायचे, लोणावळ्यात एका शिंप्याकडे द्यायचे आणि दोन दिवसांनी आणून तिच्या मशीनजवळच्या खुंटीवर लावायचे. बायका येऊन घेऊन जायच्या, छान झालाय म्हणायच्या. ती हसायची. हा आपण शिवलेला नाही हे तिला कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

बाकीच्या ठिकाणीही हेच. मुलीचा फोन आला की मी तिच्या शेजारी उभा राहायचो. नातवाचं नाव आठवेनासं झालं की तोंडाने आकार करून दाखवायचो. लग्नाला गेलो की समोरून येणाऱ्या माणसाचं नातं आधीच तिच्या कानात सांगायचो. ‘‘ही तुझ्या मामाची धाकटी.’’ ती लगेच पुढे होऊन हात धरायची, ‘‘किती वाळलीस गं!’’ कुणाला शंका यायची नाही.

यात मला वाईट वाटत होतं असं लोक समजतात. मी आठवून बघतो, तर तसं काही सापडत नाही. सकाळी उठायचो, चहा ठेवायचो, दिवसभर तिच्या पुढे एक पाऊल राहायचो, रात्री झोपायचो. काम होतं, मी करत होतो.

अशात आमच्या वाडीची आशाताई एक दिवस कागद घेऊन आली. आशाताई म्हणजे आरोग्य खात्याची गावातली कार्यकर्ती. गरोदर बायका, लसी, टीबीच्या गोळ्या हे तिचं काम. ही माझीच विद्यार्थिनी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती आणि लग्न होऊन योगायोगाने आमच्याच वाडीत आली होती. मला अजून गुरुजी म्हणते, बायकोला काकू.

‘‘गुरुजी, पुण्याचे डॉक्टर एक संशोधन करतायत,’’ ती म्हणाली. ‘‘साठीच्या पुढच्या माणसांचा विसरभोळेपणा घरच्या घरी दहा मिनिटांत ओळखता येतो का, ते बघायचंय. ज्यांचे मार्क कमी येतील त्यांची दवाखान्यात मोठी तपासणी होणार. आणि घरात जो सांभाळतो, त्याचीही विचारपूस आहे.’’

‘‘आमच्याकडे कुणाला सांभाळावं लागत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘तरी पण. सगळ्या घरांत करायचंय.’’

बायकोने सही केली. सही तिला अजून येत होती, आणि ती वळणदार आली म्हणून ती खुशीत होती. आशाताई तिच्या समोर बसली. मी बायकोच्या बाजूला, पण थोडा पुढे, म्हणजे तिला माझा चेहरा दिसेल असा बसलो. तिथे बसायचं असं ठरवलं नव्हतं. ती माझी रोजचीच जागा होती.

‘‘काकू, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. लिंबू, चावी, चादर. नंतर विचारणार आहे.’’

मग वार विचारला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं आणि ओठ हलवले. ‘‘बुधवार,’’ ती म्हणाली. महिना विचारला, तोही तसाच. शंभरातून सात वजा करायला सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘मला कुटं शाळेत जायला मिळालं गं!’’ आणि दोघी हसल्या. ते मार्क गेले.

शेवटी मघाचे तीन शब्द. बायकोने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मांडीवर ठेवला. ‘‘चावी,’’ ती म्हणाली. मी दिवाणावरची चादर जरा ओढून सरळ केली. ‘‘चादर.’’ लिंबाचं मला काही करता आलं नाही. तेवढं राहिलं.

आशाताईने मान खाली घालून बेरीज केली. पास होण्यापुरते मार्क झाले होते. कागदावर ‘पुढील तपासणीची गरज नाही’ असा रकाना होता, त्यात तिने खूण केली. माझीही विचारपूस राहिली, कारण ज्या घरात आजारी माणूसच नाही तिथे सांभाळणारा कोण? मी तिला चहा दिला. ती अर्धाच पिऊन गेली.

त्यानंतर सहा-सात महिने गेले. ते कसे गेले हे विचारलं तर मला सांगण्यासारखं काही नाही.

एका सकाळी मी रेशनवर गेलो होतो. परत आलो तर दार उघडं, गॅस बंद, चपला नाहीत. विहिरीकडे बघितलं, देवळात बघितलं, स्टेशनवर जाऊन आलो. मला घाम आला नव्हता, छातीत धडधड नव्हती. घरी परत येऊन मी रेशनचे तांदूळ डब्यात ओतले, झाकण लावलं आणि मग पुन्हा शोधायला निघालो. हे मी नंतर कुणाला सांगितलं नाही, पण ते तसं झालं.

दुपारी बाराच्या सुमारास फोन आला. तिकोणा पेठेतून. तिथले एक किराणा दुकानदार, मुसलमान, माझ्या माहितीतले. त्यांच्या दोन मुली माझ्या हाताखाली शिकल्या होत्या.

‘‘गुरुजी, आक्का हितंच हायत. काळजी करू नका. चा पाजलाय.’’

तिकोणा पेठ हे बायकोचं माहेर. मळवलीहून लोकलने कामशेत, कामशेतहून जीपने पवनानगर, तिथून पुन्हा जीप. तीन गाड्या बदलून ती बरोबर पोचली होती. वार तिला सांगता येत नव्हता.

मी गेलो तेव्हा ती दुकानासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिच्या भावाने घराची जागा केव्हाच विकून टाकली होती. तिथे आता धरणावर तंबूत राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या लागतात. ती त्या गाड्यांमधून फिरत चूल कुठे गेली म्हणून विचारत होती, तेव्हा दुकानदारांनी तिला ओळखलं आणि हाताला धरून आणलं.

‘‘अवं, तुमी कशाला आलाव?’’ मला बघून ती म्हणाली. ‘‘मी दोन दिस राहनार हाय.’’

दुकानदारांनी मला आतल्या बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, ‘‘आमच्या अम्मीचं असंच झालतं. आमी दोन वर्सं म्हातारपण म्हातारपण म्हनत बसलो. तुमी डाक्टरला दावलं का न्हाई?’’

‘‘चाचणी झाली. काही निघालं नाही.’’

‘‘काहीच न्हाई?’’

पोत्यांच्या मध्ये आम्ही उभे होतो. बाहेर ती गिऱ्हाइकांना या, बसा म्हणत होती, जणू दुकान तिचंच. मी म्हणालो, ‘‘उत्तरं मी सांगितली होती.’’

त्यांनी एका पोत्याचं उघडं तोंड दुमडून बंद केलं. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आक्कांनी आमच्या अम्मीची पोलकी शिवलीत. लय बारीक टाका.’’ मग जीपवाल्याला हाक मारून त्यांनी आम्हाला पुढे बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आशाताईच्या घरी गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती, सासू शेजारी. मला बघून उभी राहिली.

‘‘त्या दिवशीची चाचणी खरी नव्हती,’’ मी म्हणालो.

तिने सूप खाली ठेवलं. ‘‘मला दिसलं होतं, गुरुजी.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुमच्यासमोर?’’ ती म्हणाली. ‘‘नातेवाइकाला बाहेर बसवायचं हे आम्हाला शिकवलं होतं. दारातच म्हणणार होते. पण तुम्हाला ‘बाहेर जा’ कसं म्हणू? किल्ल्या काढल्यात तेव्हा मला वाटलं, आता थांबवावं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. मग मी खूण केली. त्यानंतर तुमच्या दारावरून जाताना मी मान वर करत नाही.’’

ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

‘‘आता काय करायचं?’’

‘‘मी वर सांगते. चुकलं ते माझंही.’’

तिने खरंच सांगितलं. तो कागद बाद झाला. तिला दोन बोल ऐकावे लागले, पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. तिने तिथे सगळ्यांसमोर आमच्या घरी काय झालं ते नाव न घेता सांगितलं. आता त्या कागदावर वरच मोठ्या अक्षरांत छापलंय की चाचणीच्या वेळी घरच्यांना दुसऱ्या खोलीत थांबायला सांगावे, ते वडीलधारे असले तरी.

आम्हाला मोठ्या तपासणीसाठी सोमाटण्याजवळच्या एका दवाखान्यात बोलावलं. तिथे बायकोला आत नेलं आणि मला बाहेर बाकावर ठेवलं. दार लागल्यावर मी सवयीने उठलो, दाराच्या काचेपाशी गेलो. नर्स म्हणाली, ‘‘आजोबा, बसा. त्यांचं त्यांना करू द्या.’’ मी बसलो. कित्येक महिन्यांत मला पहिल्यांदाच काही करायचं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते समजेना.

थोड्या वेळाने संशोधनातली एक मुलगी माझ्यासाठी कागद घेऊन आली. सांभाळणाऱ्यांची विचारपूस ती हीच. ती वाचायची आणि मी ‘कधीच नाही’, ‘क्वचित’, ‘अनेकदा’ किंवा ‘रोज’ यातलं एक निवडायचं.

‘‘गेल्या महिन्यात तुम्हाला रडावंसं वाटलं का?’’

‘‘कधीच नाही.’’

‘‘रुग्णावर राग आला का?’’

‘‘कधीच नाही.’’

‘‘हे सगळं आपल्याला झेपणार नाही, असं वाटलं का?’’

‘‘कधीच नाही.’’

वीस-बावीस प्रश्न होते. सगळ्यांना तेच उत्तर. तिने बेरीज केली आणि आनंदाने म्हणाली, ‘‘सर, तुमच्यावर अजिबात ताण नाही. असं फार कमी बघायला मिळतं.’’

मी ‘बरं’ म्हणालो.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पन्नाशीच्या असतील. बायको खिडकीजवळ बसून पडद्याची शिवण चाचपत होती. डॉक्टरांनी टेबलावर एक कागद सरकवला. त्यावर वरच्या अर्ध्या भागात दोन पाचकोनी आकृत्या एकमेकींत अडकलेल्या छापल्या होत्या, खाली तशाच काढायच्या होत्या. बायकोने खाली ब्लाउजचा पुढचा भाग काढला होता. गळा, खांदा, बाहीसाठी खोल वळण, आणि कडेने शिवणीसाठी सोडलेली दुसरी रेघ. रेघ सरळ होती.

‘‘याला मार्क देता येत नाहीत,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘पण मी हा कागद सगळ्यांना दाखवला. कटिंग बरोबर आहे म्हणे.’’

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हणालो.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. तो मागे फिरत नाही, गोळ्यांनी थोडा हळू होतो, आधी आला असतात तरी फार फरक पडला असता असं नाही, पण काही महिने सोपे गेले असते, हे सगळं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. गोळीची वेळ, पुढची तारीख. अक्षर चांगलं आलं.

डॉक्टरांनी माझा कागद उचलला. वरून खालपर्यंत बघितला.

‘‘सगळं ‘कधीच नाही’?’’

‘‘खोटं नाही सांगितलं.’’

‘‘खोटं म्हणत नाही मी.’’ त्यांनी कागद उलटा ठेवला. ‘‘हे कागदाबाहेरचं विचारते. काल संध्याकाळी काय जेवलात?’’

स्वयंपाक मीच केला होता. मीच वाढला होता. मी विचार करत राहिलो. भात असणार, रोज असतोच. पण नक्की काय, ते येईना.

‘‘मुलीचा शेवटचा फोन कशाबद्दल होता?’’

तेही येईना. बायकोच्या शेजारी उभा राहून काय सुचवलं ते आठवत होतं. मुलगी काय बोलली ते नाही.

‘‘तुमची मिसेस हरवली त्या दिवशी तुम्ही काय केलंत?’’

‘‘तांदूळ डब्यात ओतले,’’ मी म्हणालो.

खिडकीजवळून बायको म्हणाली, ‘‘ही शिवन उसवनार बगा. धागा जुना हाय.’’

डॉक्टर म्हणाल्या, ‘‘आमचा हा कागद रडणारी माणसं शोधतो, चिडणारी शोधतो. ज्यांचं सगळंच बंद झालंय ती यातून सुटतात. तुमच्यासारखी आणखी काही माणसं आम्हाला भेटली आहेत. पुढच्या वेळी प्रश्न बदलायचेत. पण ते नंतर. आता तुम्हीही इथे रुग्ण म्हणून नाव लिहा.’’

मला हे ऐकून धक्का बसला नाही, बरंही वाटलं नाही. मी नाव लिहिलं.

मला एक गोळी सुरू झाली. शिवाय दर गुरुवारी दुपारी त्याच दवाखान्याच्या एका खोलीत सांभाळणाऱ्यांची बैठक असते, तिथे यायला सांगितलं. आठ-दहा जण असतात. बायको कुणाजवळ ठेवायची हा प्रश्न होता. आशाताई म्हणाली, ‘‘माझ्या सासूबाई बसतील. त्यांनाही कुणीतरी बोलायला हवंच असतं.’’ मी नको म्हणालो. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, मी विचारत नाहीये.’’ माझ्याशी अशा आवाजात ती पहिल्यांदाच बोलली.

पहिले दोन महिने मी बैठकीत काही बोललो नाही. दुसरे बोलायचे. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर काम करणारा एक माणूस आईवर हात उचलला म्हणून ढसाढसा रडला. मी त्याच्याकडे बघत बसलो. त्याच्यासारखं आपल्याला व्हावं असं वाटलं नाही, होऊ नये असंही नाही. परत येताना रिक्षातून उतरताना गुडघा आपटला आणि तो दुखला, चांगलाच. त्या दुखण्याकडे मी बराच वेळ लक्ष देत होतो.

मुलीला मी सगळं सांगितलं. बाह्या, शिंपी, फोनजवळ उभं राहणं, सगळं. तिने एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे दोन वर्षं मी आईशी बोलत नव्हते. तुमच्याशी बोलत होते.’’ तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. पुढच्या रविवारी ती आली, आठ दिवस राहिली. आईने तिला एकदा नावाने हाक मारली, बाकी वेळ ‘बाई’ म्हणाली. ती जाताना स्टँडवर मला म्हणाली, ‘‘आता तिला येईल तसं बोलू द्या. मधे बोलू नका.’’ मी मधे बोलत नाही. फोन तिच्या हातात देऊन आतल्या खोलीत जातो. कधी दोघी नुसत्या हं हं करत असतात.

शिवणकाम थांबलं. मशीन मी दिलं नाही, पण सुई काढून ठेवली. ती समोर बसून कापडाच्या घड्या घालते, उलगडते, पुन्हा घालते. बायकांना मी स्वतः सांगितलं, आता होत नाही. एकीने विचारलं, ‘‘मागचे दोन कुणी शिवले मग?’’ मी शिंप्याचं दुकान कुठे आहे ते सांगितलं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी मी तिला पेज भरवत होतो. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. परक्या माणसाशी बोलतात तशी आदराने म्हणाली, ‘‘तुमी कुटले?’’

‘‘इथलाच,’’ मी म्हणालो.

‘‘लय करता बगा तुमी माझं. दमत आसाल.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘आन् तुमच्याकडं कोन बगतं?’’

चमचा मी वाटीत ठेवला. पेजेवर साय धरेपर्यंत तो उचलला नाही.

‘‘गुरुवारी जातो मी एका ठिकाणी,’’ मी म्हणालो.

‘‘जावा. जात जावा,’’ ती म्हणाली आणि तोंड उघडलं. मी पेज भरवली.

त्या गुरुवारी मी बैठकीत पहिल्यांदा बोललो. चाचणीचं सांगितलं, किल्ल्यांचं सांगितलं. चार-पाच मिनिटं बोललो असेन. खंडाळ्याच्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. पाच वाजता घरी आलो. आशाताईची सासू निघायच्या तयारीत होती. तिने बायकोचे केस विंचरून शाळेतल्या मुलीसारख्या दोन वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनी लावून. बायको पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती. मी कोण ते तिला आठवत नव्हतं. वेण्या छान दिसतायत असं मी तिला सांगितलं, आणि आत जाऊन चहा ठेवला.